टप काढलेली गाडी

डोक्यावर छप्पर नसलेल्या गाडीतून माणसाने एकदा तरी लांबचा प्रवास करावा, त्याशिवाय स्वातंत्र्य म्हणजे काय ते कळत नाही, असं म्हणतात. माझ्या सासूबाईंना स्वातंत्र्याबद्दल काही जाणून घ्यायचं नव्हतं. त्यांना ओकारी न होता धाकट्या बहिणीच्या घरी पोहोचायचं होतं.

सासूबाईंना गाडी लागते. आमच्या घरात ही गोष्ट जमिनीच्या उताऱ्यासारखी कायम नोंदलेली आहे. सोयरिकी जवळच्या बघायच्या, दवाखाना पायी जाण्याजोगा बघायचा, हे सगळं त्यावरूनच ठरत आलं. बहीण मात्र दिली वाईजवळ आणि आमचं गाव विट्याजवळ. बहिणीच्या लग्नानंतर सासूबाई एकदाच एसटीने तिच्याकडे निघाल्या होत्या. मायणीला उतरल्या, आणि कुणाच्या तरी बैलगाडीतून परत आल्या. परतताना त्यांनी बैलगाडीत बसून भाकरीसुद्धा खाल्ली, हे त्या आजही सांगतात. तेव्हापासून बहीणच दरवर्षी आमच्याकडे यायची. यंदा तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि येणं थांबलं. दोघी फोनवर रोज बोलायच्या.

"एकदा माझं घर तरी बघून जा. मरायच्या आधी," बहीण म्हणायची.

"कोण मरायच्या आधी?" सासूबाई विचारायच्या. मग फोन ठेवून बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहायच्या.

माझे धाकटे दीर कोईमतूरला सोनं गाळायचं दुकान चालवतात. आमच्या भागातल्या निम्म्या पोरांचा हाच धंदा. ती देशभर पसरलेली असतात आणि जत्रेला गाड्या घेऊन गावी येतात. देवळामागच्या माळावर त्या गाड्या ओळीने लागतात. कोणत्या वर्षी कुणाची भट्टी चांगली चालली, हे देवाला तिथे उभ्याउभ्या कळतं. दीर दरवर्षी आधीपेक्षा मोठी गाडी आणायचे. यंदा त्यांनी आणली ती हळदीच्या रंगाची, वापरलेली, दोन दारांची आणि बिनछपराची. जमिनीपासून वीतभर उंच. मागे एक सीट होती, पण ती पाय नसलेल्या माणसासाठी केलेली असावी.

मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. माणसांनी विकत घेतलेल्या आणि न वापरलेल्या वस्तूंबद्दल मला थोडी माहिती आहे. मी मनात म्हटलं, झालं, आता वेशीवर स्वागताची कमान उभारायचीच बाकी राहिली.

"वैनी, हसू नका," दीर म्हणाले. "आयेला टॅक्टरच्या ट्रॉलीत कवा लागलंय का? बैलगाडीत? छकड्यात? न्हाई. मंग काय लागतंय तिला? टप लागतोय. म्हणून टप निघणारी आणली."

एवढी सरळ गोष्ट घरात कुणालाच सुचली नव्हती, आणि मलाही नाही. मी पिशवी भरायला आत गेले.

सकाळी गाडीची पूजा झाली. नारळ फुटला, पुढच्या बाजूला झेंडूचा जाड हार बांधला गेला. सासूबाईंनी एका हाताने नऊवारीचा घोळ धरला, गाडीत एक पाय टाकला आणि खाली, खाली, आणखी खाली बसत गेल्या.

"ह्यात बसायचं म्हंजी पंगतीला बसल्यागत हाय," त्या म्हणाल्या. "ताट कुठाय?"

त्यांच्या मांडीवर पिशवी होती. तिच्यात बहिणीसाठी सुपारीएवढी बोरं आणि स्वतःसाठी लिंबं. मी मागे आडवी बसले, पाय एका दाराकडे, डोकं दुसऱ्या दाराकडे. नवरा घरी राहिला. त्याने फार आग्रह करू दिला नाही.

जानेवारीचा गार वारा होता. कानाला रुमाल बांधून आम्ही मायणीपर्यंत आलो, तेव्हा दिरांनी गाडी मुद्दाम हळू केली. जिथे एसटीतून उतरल्या होत्या ती जागा सासूबाईंनी बरोबर ओळखली. तिथे आता मोबाइलचं दुकान होतं. त्यांनी पोटावर हात ठेवला, थोडा वेळ वाट पाहिली आणि म्हणाल्या, "चल फुडं. काय न्हाई."

एवढ्यावर दिरांनी हॉर्न वाजवला. कारण काही नव्हतं.

खरी अडचण पोटाची नव्हती, गतिरोधकांची होती. प्रत्येक शाळेपुढे, प्रत्येक देवळापुढे आणि कधीकधी फक्त कुणाच्या तरी घरापुढे एकेक उंचवटा यायचा आणि गाडीचं पोट घासायचं. वजन कमी करायचं म्हणून कुणीतरी उतरायचं. सासूबाई उतरायला तयार नव्हत्या. एकदा बसले ते बसले, पुन्हा उठवशील तर बघ, असं त्यांनी बजावलं होतं. त्यामुळे मी उतरायचे, पायी उंचवटा ओलांडायचे आणि पुढे जाऊन पुन्हा आडवी व्हायचे. माण-खटावचा बराच भाग मी असा पायी पाहिला.

वडूजच्या अलीकडे मेंढरं आडवी आली. गाडी इतकी बुटकी, की मेंढरं आमच्याकडे वरून बघत होती. एकाने तोंड आत घालून झेंडूचा वास घेतला. सासूबाई मेंढरामागेच वाढलेल्या. त्यांनी त्याचा कान धरून त्याला बाजूला केलं. मेंढक्या काठी टेकत गाडीभोवती एक फेरी मारून आला.

"आज्जी, टप उडाला व्हय?"

"न्हाई रं. काढून ठेवलाय."

"का?"

"मला गाडी लागती."

"मंग बरं केलंसा," तो म्हणाला आणि मेंढरं हाकायला लागला. गाडीची किंमत न विचारणारा त्या दिवशी भेटलेला हा एकमेव माणूस.

पुढच्या एका गावात मात्र रस्त्यावर शाळाच उभी होती. दोन्ही बाजूंना लेझीम घेतलेल्या मुली, मध्ये हलगीवाले, पताका आणि फेटा बांधलेले मुख्याध्यापक. त्यांच्या स्नेहसंमेलनाला सांगलीकडून एक बाई प्रमुख पाहुण्या म्हणून येणार होत्या. त्यांना गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. अशा वेळी सांगलीकडून हार घातलेली उघडी गाडी यावी आणि तिच्यात पुढे काठापदराची साडी नेसलेली वयस्कर बाई ताठ बसलेली असावी, म्हटल्यावर दुसरं काय होणार? आमच्याकडे उघड्या गाडीतून नवरदेव जातो, निवडून आलेला माणूस जातो किंवा सत्कारमूर्ती जाते. बहिणीकडे कुणी जात नाही.

हलगी कडाडली. दिरांनी तोंड उघडून काहीतरी सांगितलं, ते त्यांच्या तोंडापाशीच विरलं. मी मागून हात हलवला; मुख्याध्यापकांना वाटलं मी अभिवादन करते आहे, त्यांनीही हात हलवला. मिनिटभरात सासूबाईंच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला आणि तोंडासमोर माईक आला.

"ताईंनी आता दोन शब्द बोलावेत," मुख्याध्यापक म्हणाले.

मी अशा समारंभांत पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. काही तर मी स्वतः लिहून दिली आहेत. सासूबाईंनी माईककडे जरा संशयाने पाहिलं.

"पोरी कवाधरनं उन्हात हुब्या हायती," त्या म्हणाल्या. "बसवा की खाली. पाणी द्या त्यास्नी."

मुलींनीच टाळ्या वाजवायला सुरुवात केली. टाळ्या वाजवतच त्या खाली बसल्या. पाण्याचे हंडे आले. तेवढ्यात मुख्याध्यापकांचा फोन वाजला. खऱ्या पाहुण्या दुसऱ्या एका कार्यक्रमात अडकल्या होत्या. त्या येणार नव्हत्या. मुख्याध्यापकांनी फोन खिशात टाकला आणि सासूबाईंकडे नव्याने पाहिलं.

"मंग तुमी कोण म्हणायच्या?"

"मी भणीकडं निघालेय. ही शाल घ्या तुमची."

त्यांनी दोन्ही हात मागे घेतले. "आवं, झालेला सत्कार परत घेत न्हाईत. आणि पाव्हण्यांचं कागदावर लिवून आणलेलं भाषान आसतंय, त्यापरीस ह्येच बरं झालं."

गाव मागे पडल्यावर मी विचारलं, "तुम्हाला कळलं नव्हतं का, चूक होतेय ते?"

"कळलं हुतं की."

"मग बोलला नाहीत?"

"लेझीम मदीच थांबवली असती तर पोरी हिरमुसल्या नसत्या व्हय?" मग शालीवरून हात फिरवत म्हणाल्या, "शाल बरी हाय. माझ्या भणीला हुईल."

पुसेगाव, कोरेगाव, सातारा. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांमागून आम्ही रांगत गेलो. ड्रायव्हर वरून डोकावून आम्हाला ऊस द्यायचे आणि सासूबाई तो नुसता मांडीवर ठेवून घ्यायच्या. साताऱ्यापुढे महामार्गावर दिरांनी गाडी थोडी पळवली. पदर फडफडायला लागला तेव्हा सासूबाईंनी तो दातात धरला. त्या हसत होत्या, हे मला बाजूच्या आरशात दिसलं. मी तेव्हा बोलत नव्हते. कोरेगावपासूनच मी फारसं बोलत नव्हते.

बहीण दारात वॉकर धरून उभी होती. तिच्या सुनेने भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं.

"आलीस व्हय," बहीण म्हणाली.

"आले."

"वाटंत काय झालं न्हाई न्हवं?"

"मला काय व्हतंय?"

मग बहिणीने एका हाताने वॉकर आणि दुसऱ्या हाताने सासूबाईंचं मनगट धरलं आणि त्यांना घर दाखवायला नेलं. सोपा, स्वैपाकघर, गोठा, मागची चिंच. प्रत्येक ठिकाणी थांबून सासूबाई मान हलवायच्या. फोनवर इतकी वर्षं ऐकलेलं सगळं त्या ताडून बघत होत्या.

"फोनवर सांगतीस तेवढं मोठं काय न्हाई घर," त्या शेवटी म्हणाल्या.

"तू येत न्हवतीस म्हणून मोठं करून सांगत हुते," बहीण म्हणाली, आणि दोघी एकमेकींच्या खांद्याला धरून अशा हसल्या की वॉकर पडला.

सासूबाईंनी खुर्चीवर बसवून बहिणीची ओटी भरली. नारळ शाळेचा, शाल शाळेची, बोरं घरची. दिरांनी गाडीभोवती जमलेल्या गावाला टप कसा काढतात ते दाखवायला सुरुवात केली.

मग बहिणीचं लक्ष सोप्यातल्या कॉटकडे गेलं. तिथे मी डोळ्यांवर ओला रुमाल टाकून पडले होते.

"हिला काय झालं गं?"

"गाडी लागली," सासूबाई म्हणाल्या.

पिशवीत लिंबं काही उरली नव्हती.