टोपीशिवाय सॅल्यूट

अण्णांचं शौर्यपदक घासायला घेतलं, की पॉलिशच्या उग्र वासाने मला निजामपुऱ्यातलं ते थिएटर आठवतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. लढाईतून पदक घेऊन आले आणि रिटायर झाल्यावर सिनेमात छोटी कामं करायला लागले. कधी हवालदार, कधी वॉचमन. एकोणीसशे नव्वदच्या आसपास एका सिनेमात त्यांना पहिल्यांदा बोलायला एक वाक्य मिळालं. शुक्रवारी गल्लीतले कापड विणायचे लूम बंद, त्यामुळे अख्खी गल्ली थिएटरात. अण्णा पदक चकचकीत करून, कोटावर लावून माझ्या शेजारी बसलेले.

पडद्यावर अण्णांनी बोडक्या डोक्याने हीरोला सॅल्यूट ठोकला. शिट्ट्या वाजल्या. "अरे, अपने सूबेदारसाब!" मागून कुणीतरी ओरडलं. हीरो पुढे निघून गेला. वाक्य आलंच नाही.

अण्णा ताडकन उठले.

"बसा ना अण्णा, लोक बघतायत," मी त्यांची बाही ओढली.

"डोक्यावर टोपी नसंल तर फौजी सॅल्यूट करत न्हाय. सांगितलं डायरेक्टरला. म्हणाले, टोपीने चेहरा झाकला जातो. त्या एका वाक्यासाठी केला मी, आणि तेच कापलं!"

सगळ्या मजेवर पाणी ओतलं म्हणून मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते.

आता ते नाहीत. सव्वीस जानेवारीसाठी गल्लीतल्या मंडळाने त्यांचा बॅनर लावलाय. फोटो त्याच सिनेमातला, बोडक्या डोक्याचा. मी वर्दीतला खरा फोटो घेऊन गेले, तर अध्यक्ष म्हणाले, "ताई, यात ओळखू येत नाहीत ते. टोपीने चेहरा झाकलाय."