बाहेर काढलेली डिस्क

पनवेलच्या आमच्या ऑफिसातल्या सर्व्हरवरून न्हावा शेव्याला जाणाऱ्या ट्रेलरांचे गेटपास निघतात. त्यात दोन डिस्क आहेत. एकीवर जे लिहिलं जातं, ते त्याच क्षणी दुसरीवरही उतरतं. उरणचे आमचे साहेब म्हणायचे, “दोन हायत ना, मग भीती कशाची?”

मी चिडायचे. “साहेब, एक जळली तर दुसरी वाचवेल. पण अपडेट बिघडलं तर दोन्ही एकदम बिघडतील!”

त्या रविवारी दुपारी अपडेटच्या आधी मी सर्व्हर बंद केला, एक डिस्क बाहेर काढली आणि माझ्या जेवणाच्या डब्याशेजारी ठेवली. साहेबांनी कपाळावर हात मारला. अपडेट झालं, सर्व्हर पुन्हा सुरू केला, तर स्क्रीन काळीच. साहेबांचं तोंडही तसंच. मी बिघडलेली डिस्क काढून डब्याजवळची बसवली आणि पाच मिनिटांत गेटपास छापून निघाला. तो मी साहेबांच्या नाकासमोर फडकवला!

पुढच्या अपडेटला काढलेली डिस्क साहेबांनीच मागून घेतली, रुमालात गुंडाळून मांडीवर ठेवली आणि मलाच दटावलं, “एक होडी किनाऱ्याला बांधल्याशिवाय दुसरी तुफानात घालायची नाय. कधी शिकणार तुमी?”