काकूचा स्वस्तातला चाकू

माझ्या बाबांचं हार्डवेअरचं दुकान होतं. चांगले चाकू काचेच्या कपाटात, निळ्या मखमलीवर ऐटीत पडलेले असत. परदेशातून खोक्यांनी येणारे स्वस्तातले घडीचे चाकू मात्र गल्ल्याशेजारी पत्र्याच्या ट्रेमध्ये, ढिगानं. गिऱ्हाईक त्या ढिगात हात घालून विचारी, "हे घेण्यासारखे आहेत का हो?" आणि बाबा स्वतःच्याच मालाला नावं ठेवत.

"दोन दिवसांचे पाहुणे आहेत. पार्सलं फोडा, लिंबू कापा, आणि तिसऱ्या दिवशी माझ्या नावानं बोटं मोडा."

"मग ठेवता कशाला?"

"तुम्ही विचारता म्हणून!"

त्या ट्रेचं सगळ्यांत चिवट गिऱ्हाईक म्हणजे आमची काकू, बाबांच्या थोरल्या भावाची बायको. काका गेल्यापासून ती एका नर्सरीत कलमं बांधायची. बुटकी, काटक, बोलणं मोजकं आणि तेही जरा तिरकं. तिच्या कलमाच्या चाकूच्या पात्याची झिजून झिजून काडी झाली, तशी ती एके दिवशी आली आणि ट्रेपाशी स्टूल ओढून बसली.

"वहिनी, कपाटातला घ्या. घरचं दुकान आहे," बाबा म्हणाले.

"तुमच्या मखमलीवरच्या राजाला मी रोज चिकात बुडवू होय, भावजी?"

मग तिनं ढिगातला एकेक चाकू उघडायला सुरुवात केली. उघडायचा, पातं चिमटीत धरून हलवायचं, दांड्याला लागतंय का बघायचं, कानाशी धरून मिटायचा. टक् असा आवाज आला तर बाजूला, खट्ट असा आला तर परत ढिगात. बाबा कपाळाला हात लावून बघत होते. अर्धा ट्रे उपसल्यावर तिला हिरव्या मुठीचा एक पसंत पडला.

"सगळे एकाच यंत्रातून निघतात," बाबा म्हणाले.

"एका आईची पोरं तरी सारखी असतात का?"

आठवडाभरात तो चाकू तिला चावला. काम करता करता खटका सुटला, पातं मिटलं आणि बोट सापडलं. पट्टी बांधलेलं बोट बघून बाबांना वाईटही वाटलं आणि थोडा आनंदही झाला. "सांगत नव्हतो मी? टाका तो."

"कुत्रं चावतं म्हणून कुणी टाकून देत नाही. बांधून ठेवतात," काकू म्हणाली. तिनं स्क्रू आवळला, आणि बरेच दिवस संध्याकाळी अंगणात बसून पात्याची एक बाजू दगडावर घासून अगदी सपाट केली. कलमाला तसंच पातं लागतं, म्हणजे काप कागदासारखा सरळ येतो. लोखंड मऊ होतं, धार लवकर जायची. पण मऊ होतं म्हणूनच कमरेच्या जुन्या पट्ट्यावर दोन हात मारले की परतही यायची.

तोवर हा सगळा आमच्या घरातल्या थट्टेचा विषय होता. मग डेपोतल्या झाडाचं प्रकरण झालं.

आमच्या दुकानासमोर बसचा डेपो होता. सगळं आवार तेलकट, काळं, आणि मधोमध नासपतीचं एक जुनं झाड. ड्रायव्हर, कंडक्टर, वाट बघणारी माणसं, सगळी त्याच्या सावलीला. हिवाळ्याच्या शेवटी डेपोत एक बंद पडलेली बस ओढायची होती. कुणीतरी बसला बांधलेला पोलादी दोर आधारासाठी त्या झाडाच्या बुंध्याला गुंडाळला आणि यंत्रानं ताणला. बस हलली, पण दोर सरकत गेला आणि बुंध्याची साल चहूबाजूंनी, हातभर उंचीची, सोलून निघाली. आत पांढरं लाकूड उघडं पडलं.

डेपोच्या मुख्य मेकॅनिकला सगळे बोल्ट म्हणत. आडदांड माणूस, पण दुकानात येऊन बाबांसमोर बसला तेव्हा चेहरा उतरलेला होता. "झाड गेलं. उद्या तोडायला सांगणार आहेत."

काकू तेव्हा दुकानातच होती. ती उठून रस्ता ओलांडून गेली. आम्ही मागोमाग. तिनं जखमेच्या वर एका फांदीची साल नखानं खरवडली. खाली हिरवं होतं.

"वर अजून कळलेलं नाही त्याला," ती हळूच म्हणाली. मग बोल्टकडे वळून, "मुळांचं आणि पानांचं देणंघेणं सालीतून चालतं. तो रस्ता तुटलाय. पूल बांधता येईल."

"पूल? झाडाला?"

"बघू. होईलच असं नाही. पण तोडायला थांबा म्हणावं."

बोल्टनं साहेबांकडे जाऊन काय आरडाओरडा केला देव जाणे, पण झाड थांबलं. काकूनं त्याच झाडाच्या शेंड्यावरच्या बोटाएवढ्या जाड काड्या तोडून घेतल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून गार जागी ठेवल्या आणि वाट बघत बसली. हवा जरा उबदार झाली, साल लाकडापासून सुटायला लागली, तशी एका सकाळी ती निघाली. बाबांनी कपाट उघडलं आणि सगळ्यांत भारी चाकू तिच्यापुढे धरला. "आज तरी हा न्या."

तिनं तो घेतला. मान राखला. झाडाशी बसून एका काडीवर चालवूनही बघितला. पातं जाड, दोन्हीकडून उतरतं. काप खोलगट आला. "राजा आहे, पण याला रेशीम कापायची सवय नाही," म्हणत तिनं तो पुसून बाबांच्या हातात परत दिला आणि हिरवा काढला.

त्यानंतर जे बघितलं ते मी आजवर विसरलेले नाही. जखमेच्या खाली आणि वर तिनं सालीत उभे काप घेतले. काडीची दोन्ही टोकं एका ओढीत तासली, पाचरीसारखी. खालचं टोक खालच्या सालीआड सरकवलं, काडी धनुष्यासारखी किंचित वाकवली, वरचं टोक वरच्या सालीआड. बारीक चुका ठोकल्या. वितळवलेलं मेण मी डब्यात धरून उभी होते, ते लावलं. "डोळे वरच्या दिशेनं हवेत," ती काडीवरच्या कोंबांवर बोट ठेवून म्हणाली. "उलटी बसवली तर चालत नाही. झाडाला वर-खाली बरोबर कळतं."

तीनेक काड्या झाल्या आणि चाकूचा खटका मोडला. आतली पट्टी खळकन तुटून जमिनीवर पडली. पातं लोंबायला लागलं. काकूनं पातं सरळ उघडं धरलं, कलमाची पट्टी दांड्याभोवती करकचून गुंडाळली आणि घडीचा चाकू कायमचा सरळ करून टाकला. दुपारपर्यंत बुंध्याभोवती काड्यांचं कडं उभं राहिलं. पिंजऱ्याच्या गजांसारखं.

महिन्याभरात झाड फुललं. पांढरंशुभ्र. मग पानं आली. डेपोत नुसता जल्लोष. बोल्ट तर बसचा हॉर्न वाजवत बसला. काकूच्या चेहऱ्यावर मात्र काही नव्हतं.

"ही साठवणीतली पानं आहेत," ती मला म्हणाली. "घरात दाणा असतो तोवर चूल पेटतेच. खरं काय ते पुढच्या वर्षी."

उन्हाळाभर ती कामावर जाता-येता तिथं थांबायची. काड्यांना हात लावायची. एक वाळली, दुसरी वाळली. बाकीच्यांची साल मात्र तकतकीत राहिली. पुढच्या हिवाळ्यात त्या माझ्या अंगठ्याहून जाड झाल्या होत्या. आणि वसंतात झाड परत फुललं, आधीपेक्षा दाट.

एका सकाळी बाबा दुकान उघडं टाकून रस्ता ओलांडून झाडाशी उभ्या काकूकडे गेले. मी त्यांना गुडघ्यांवर बसलेलं तोवर कधी पाहिलं नव्हतं. काडीचं टोक जिथं सालीत शिरलं होतं तिथं ते बोट फिरवत होते. सांधा सापडेना. काडी कुठं संपते आणि झाड कुठं सुरू होतं ते कळेना.

"वहिनी," ते म्हणाले, "हे त्या चाकूनं केलं?"

"चाकूनं कापलं. चांगला होता, जेवढा होता तेवढा. मी नुसतं जवळ आणून ठेवलं." काकूचा आवाज खाली गेला. "जोडलं त्यानं. कसं जोडतो ते इतकी वर्षं झाली, मला अजून माहीत नाही, भावजी. दर वेळी वाटतं, या वेळी नाही होणार."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानंतर दुकानात कुणी ट्रेमधले चाकू घेण्यासारखे आहेत का म्हणून विचारलं, की ते म्हणत, "उघडून, मिटून, कानाशी धरून बघा. खटक्यावर विश्वास ठेवू नका. आणि मला विचारू नका, मला फक्त विकता येतात."

मी मात्र त्या सकाळी बाबा परतल्यावरही झाडाशी काकूजवळ थांबले. एका काडीला स्वतःचा कोवळा कोंब फुटला होता, दोन इवली पानं. पूल असला तरी फांदी व्हायची हौस होतीच. तो काढायला हवा होता, नाहीतर रस्त्यातच घर बांधून बसला असता. काकूनं बोट पुढं केलं, मागं घेतलं. मग अंगठ्यानं अलगद तो कोंब खुडला आणि तळहातावर घेऊन मला दाखवला.