सुमनताईंनी कापलेला सूर्य

१८ ऑक्टोबर १९८६, शनिवार, सकाळचे दहा. अंधेरीच्या संकलन-कक्षात मी प्रथम पाऊल टाकले तेव्हा पडद्यावर साबणाची जाहिरात चालू होती. सुमन पेडणेकर यांनी ओठांवर बोट ठेवून मला गप्प केले. जाहिरात संपून मालिकेतले दृश्य सुरू झाले, तेव्हा म्हणाल्या, "हां, आता बोला."

त्या मालिकेच्या संकलक होत्या. मी नवा दिग्दर्शक. जाहिरात लागली की चहाला उठावे, ही आमच्या धंद्यातली रीत. कार्यक्रम ही कला, जाहिरात हा नाइलाज. सुमनताईंना हे अमान्य होते. "जाहिरात घरमालकीण आहे, दळवी. भाडेकरूने नाक मुरडू नये," असे त्यांनी त्याच सकाळी मला सुनावले.

त्याच संध्याकाळपर्यंत टेप प्रक्षेपण केंद्रावर पोहोचायला हवी होती. दुपारी साबणवाले प्रायोजक कोठारी दहा सेकंदांची आणखी एक जाहिरात घेऊन आले. केंद्राने दिलेली वेळ ठरलेली. तेवढे काहीतरी कापणे भाग होते. कोठारींनी जागाही दाखवली. मुलगा परत येणार नाही हे कळल्यावर आई नुसती बसून राहते, ते दृश्य.

"बाई काही बोलतच नाही. काढा ना! नाहीतर मी दुसरी मालिका बघतो."

सारा भाग त्या मौनासाठी रचलेला होता. ते गेले तर भाग गेला, कोठारी गेले तर मालिका गेली. सुमनताई कोणाची बाजू घेणार, याविषयी मला शंका नव्हती.

त्यांनी दार उघडले. कँटीनमधल्या दोन बायका, वॉचमन आणि कोठारींचा ड्रायव्हर यांना आत बोलावले. आधी मौन कापून दृश्य दाखवले, मागोमाग नवी जाहिरात. जाहिरात लागताच ड्रायव्हर उठला. बायका बोलू लागल्या. मग तेच दृश्य अखंड दाखवले. जाहिरात आली तरी कोणी हलले नाही. एक बाई पदराने डोळे टिपत साबणाकडे पाहत होती.

"बघितलंत, कोठारीशेठ? ही गप्प बसली म्हणून तुमचा साबण दिसला. हिला कापलंत तर तुमचीच वाट लागेल."

"मग दहा सेकंद आणणार कुठून, ताई?"

"दळवींचा सूर्य आहे ना."

वर्सोव्याच्या खाडीतल्या होड्यांमागून उगवणारा तो सूर्य मालिकेच्या सुरुवातीच्या शीर्षकासाठी मी कित्येक पहाटे काठावर उभा राहून टिपला होता. मी ठाम नकार दिला.

"अहो, सूर्य रोज उगवतो. ही बाई रोज अशी बसते का?"

मी बाजूला सरलो. त्यांची बोटे बटणांवर धावू लागली. आम्ही सारे, कोठारीसुद्धा, श्वास रोखून त्यांच्या खुर्चीमागे उभे होतो. सूर्य अर्धाच उगवला. आई पुरती गप्प बसली. वॉचमनने टाळी वाजवली. तसा थरार पुढे कोणत्याही चित्रीकरणात मला लाभला नाही.

सुमनताई आता हयात नाहीत. त्यांचे छायाचित्रही माझ्यापाशी नाही. आठवते ती त्या संध्याकाळची धावपळ. टेप हाती आली आणि खाली एकही रिक्षा थांबेना.

"शेठ, जाहिरात तुमची, गाडीपण तुमचीच नेते," म्हणत त्या पुढच्या सीटवर बसल्या. टेप मांडीवर घट्ट धरली, दार ओढून घेतले आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "हॉर्न सोडू नकोस रे!"