निळ्या गालांची पोरं

आमच्या ह्यांच्या डोळ्यांवर अख्ख्या छापखान्याचा विश्वास, आणि त्याहून जास्त ह्यांचा स्वतःचा. सव्वीस वर्षं स्क्रीनवरचा रंग कागदावर जसाच्या तसा उतरवायचं काम करतात. खोलीच्या भिंती राखाडी, पडदे कायम ओढलेले. लाल स्वेटर घालून डबा द्यायला गेले, तर दारातच अडवायचे, "तुझा लाल स्क्रीनवर पडतो." बायकोला इतक्या शास्त्रीय कारणानं हाकलणारा नवरा माझ्याच नशिबी आला!

मालकांनी रंग मोजायचं यंत्र आणलं. स्क्रीनवर लावा, कागदावर ठेवा, आकडे सांगतं. ह्यांनी ते ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं.

"माझे डोळे असताना त्या डबीला विचारू?"

मग चारेक वर्षांपूर्वी ह्यांना सगळं पिवळट दिसायला लागलं. स्क्रीन पिवळट, म्हणून तिच्यात निळा वाढवला. आता तिच्यापुढे प्रिंट पिवळट, म्हणून प्रिंटमधला पिवळा कमी केला. घरी दूधही पिवळट.

"अहो, एकदा डोळे दाखवून घ्या," मी म्हटलं.

"दूधवाला बदल."

बदलला हो, दोनदा!

यंदा शाळेचा अल्बम छापला. मुख्याध्यापिका बाई तणतणत आल्या. "आमची मुलं काय बर्फात ठेवली होती?" ह्यांनी आधी शाईला दोष दिला, मग कागदाला, मग ट्यूबलाइटला, आणि शेवटी पोरांना. मालकांनी मुकाट्यानं कुलूप तोडलं आणि यंत्र लावलं. स्क्रीन आणि कागद तंतोतंत जुळत होते, दोन्ही सारखेच निळे.

"बघा! जुळतंय की नाही?" ह्यांची छाती फुगली.

"जुळतंय, दादा. पण चुकीचं जुळतंय," मालक म्हणाले. "डोळे दाखवून या. नाहीतर ह्या खुर्चीत मला दुसरं कुणीतरी बसवावं लागेल."

त्या खुर्चीसाठी का होईना, गेले एकदाचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. आधी उजव्याचं ऑपरेशन झालं.

पट्टी निघाल्यावर ह्यांनी छापखान्यातून चार वर्षांचे नमुने मागवले आणि जेवणाच्या टेबलावर पसरले. प्रत्येकाखाली 'रंग बरोबर' आणि ह्यांची झोकदार सही. एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा झाकून. परत पहिला. मी आत भांडी घासत होते, आणि तोंडावर मारायला चार वर्षांची वाक्यं माझ्याकडे तयार होती.

"सगळेच गं," ते म्हणाले. "कुणी बोललं कसं नाही?"

"मी बोलले होते!"

"हो. तू बोलली होतीस."

त्यांनी पेन काढलं. पहिल्या नमुन्यावरचं 'बरोबर' खोडलं आणि वर 'निळा आहे' असं लिहिलं. दुसऱ्यावर पेन टेकवलं आणि थांबले. मग तो कागद माझ्यापुढे धरला.

"हा बघ जरा. हाही निळाच ना?"

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ह्यांनी मला रंग विचारला होता. तयार ठेवलेलं एकही वाक्य आठवेना. हात पुसले आणि शेजारी बसून एकेक कागद बघायला लागले.