मामंजींची बिदागी

दयानंदला मुखेड तालुक्यात आता कुणी नाव विचारत नाही. बाजारात भाजी घ्यायला गेला तरी बाया पदर तोंडाला लावून हसतात. मोबाईलवरच्या व्हिडिओंमध्ये तो खवीस सासरा होतो, जावयाच्या ताटातल्या भाकरी मोजणारा, म्हणून सगळ्यांचा तो मामंजी. बायको आरती मोबाईल धरते. चार वर्षांपूर्वी या नादापायी त्याने मुखेड-कंधार चालणारी जीप विकली. व्हिडिओंचे पैसे आजवर दोनदा आले, ते नव्या माईकमध्ये गेले. घर चालतं आरतीच्या शिलाई मशीनवर.

बोलावणी मात्र सारखी येतात. दुकानाचं उद्घाटन म्हणा, बारसं म्हणा, लग्न म्हणा. सगळीकडे फेटा, शाल, नारळ. बोलावणारा कुठून ना कुठून सोयरा निघतोच, आणि सोयऱ्याकडे बिदागी मागायची कशी? व्हिडिओत जावयाला फाडून खाणारा हा माणूस, कुणी नातं सांगितलं की गप्प होतो. शाली इतक्या साठल्या, की आरतीने त्यांच्या गोधड्या शिवल्या. हसावं की रडावं, हे तिला अजून ठरवता आलेलं नाही.

गेल्या आठवड्यात लातूरच्या एका अभ्यासिकेत रखवालदाराची जागा निघाली. पगार बेताचा, पण महिन्याच्या महिन्याला. बारा तास दारात बसायचं, म्हणजे मामंजी संपले. शनिवारी चारच्या आत कळवा, असा निरोप होता. आणि त्याच शनिवारी अर्धापूरला साहेबरावांच्या ठिबक सिंचनाच्या दुकानाचं उद्घाटन होतं. साहेबराव म्हणजे आरतीच्या मावसभावाचे साडू.

"आज तोंड उघडून मागा," सकाळी आरती म्हणाली. "दिले तर लातूरला न्हाई म्हणा, न्हाई दिले तर हाव म्हणा. मला दोन्ही चालतंय. पण हे असं लटकून राहणं आता सोसत न्हाई."

दयानंदने भर उन्हात तासभर मामंजी केले. लोक पोट धरून हसले, फोटोसाठी अंगावर पडले. फेटा बांधून झाला, शालही झाली. तीन वाजता त्याने साहेबरावांना केळीच्या टेम्पोआड गाठलं.

"साहेबराव, ते... माझं कसं करायचं?"

"तुमचं काय?"

"म्हणजे गाडीभाडं... बिदागी म्हणा काहीतरी."

साहेबरावांचा चेहराच उतरला. माणूस कंजूष नव्हता, त्याला खरंच लागलं होतं. "दयानंदराव, तुमाला काय तमाशावाले म्हणून बोलावलं का मी? घरचे म्हणून बोलावलं. पैसे देऊन आणायचं असतं तर नांदेडहून कुणीबी आणला असता." मग त्यांनी त्याचा हात धरला. "चला, जेवल्याबिगर सोडत न्हाई."

साहेबरावांनी स्वतः वाढलं, पुरणपोळीवर तूप ओतलं, आग्रह करकरून तिसरी पोळी खायला लावली. दयानंद मान खाली घालून जेवला. वाईट माणसावर निदान चिडता येतं. या माणसावर कसं चिडायचं? चार वर्षांचा शीण त्याला त्या पाटावर बसल्या बसल्या जाणवला.

हात धुऊन त्याने लातूरला फोन लावला. चाराला दहा मिनिटं कमी होती. अभ्यासिकेचे विरूपाक्ष सर फोनवर आले.

"मी दयानंद बोलायलोय सर, मुखेडहून."

"कोण दयानंद?"

"ते मामंजी... व्हिडिओवाले."

"मी व्हिडिओ बघत नाही हो. कामाचं बोला."

"रखवालदाराच्या जागेसाठी केला होता फोन. येतो मी."

"बरं. सोमवारी सातला हजर व्हा. पगार एक तारखेला, उशीर होत नाही." पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला. "राहायचं काय? लातुरात कुणी सोयरेधायरे आहेत का?"

दयानंदची सख्खी आत्या लातुरातच राहत होती.

"न्हाई सर," तो घाईघाईने म्हणाला. "कुणीच न्हाई."