शिबिरानंतरचा शुक्रवार

सातपाटीला मासळी विकणाऱ्या एका बाईला आमच्या रुग्णालयाने फसवलं. कधी, तर यंदाच्या नारळी पौर्णिमेआधीच्या शुक्रवारी, सकाळच्या राऊंडला, सगळ्या वॉर्डासमोर. मी तिथेच उभी होते, पांढरा कोट घालून.

मी बोईसरची. डॉक्टरकीला लागले तरी सुट्टीत कारखान्यांच्या गेटवर पत्रकं वाटणं सोडलं नाही. तिथला पहिला धडा हाच, की कोणावर अन्याय झाला आणि कधी, ते पहिल्या ओळीत सांगायचं. पाळी बदलायच्या घाईत दुसरी ओळ कोणी वाचत नाही. तुम्हाला घाई नसेल तर पुढचं ऐका.

इंटर्नशिपमध्ये मी पुनर्वसन विभाग मागून घेतला तेव्हा बरोबरचे हसले. "मालिश शिकायला चाललीस का गं?" मशिनमध्ये हात गेलेली माणसं मी गेटवर पाहिली होती. टाके काढल्यावर त्यांचं पुढे काय होतं, हे मला एकाही पुस्तकाने सांगितलं नव्हतं. ते विभागप्रमुख सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "सर्जन पाय कापून मोकळा होतो, आपलं काम तिथून सुरू. पेशंटला पहिलं काय विचारायचं? दुखतंय का, हे नाही. घरी जाऊन काय करायचंय, हे." सरळ छापायला द्यावं असं वाक्य. मी सरांवर विश्वास टाकला तो तिथे.

ती सातपाटीची मावशी आली तेव्हा तिचा उजवा पाय गुडघ्याखाली गेलेला होता. शिंगाळा मासा साफ करताना त्याचा काटा खाली पडला, त्यावर पाय पडला, अंगात साखर होतीच, जखम चिघळली. सरांनी स्टूल ओढून तिला स्वतः विचारलं, "मावशी, घरी जाऊन काय करायचंय?"

"बसायचं हाय."

"बसलाच आहात की."

"खाटंवर नाय ओ! खाली, बाजारात. विळी पायाखाली दाबायची नि मासली कापायची. चालून काय करू? चालायला रिक्षा हाय."

वॉर्ड हसला, सरही हसले. पण त्यांना नेमकं कळलं होतं, म्हणून तर माझा राग जात नाही. मला बाजूला घेऊन त्यांनीच समजावलं, की कृत्रिम पायाचा घोटा आपल्यासारखा वाकत नाही. जमिनीवर बसणं, विळी दुसऱ्या पायाखाली घेणं आणि मुख्य म्हणजे पुन्हा उठणं, हे सगळं वेगळं शिकवावं लागतं. शिकवलं तर येतं.

वेळ मात्र थोडा होता. पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात गेल्या की बाजार भरतो. तिच्या ओळीतल्या बायकांनी तिचा पाट जागेवर उलटा मांडून ठेवला होता. उलटा पाट म्हणजे बाई येणार आहे, तिथे कोणी टोपली टेकायची नाही. पण हंगाम सुरू झाल्यावर पाटाला कोण विचारतो? जागा गेली की गेली.

पाय बसवला आणि आधी चालणं सुरू झालं. दोन समांतर दांड्यांच्या मध्ये ती, शेजारच्या दांड्यांत तारापूरच्या कारखान्यात पाय चिरडलेला एक कामगार.

"मौसी, आगे मत निकलो, इज्जत का सवाल है."

"तुजी इज्जत तू सांबाल रे, मला माजा तोल सांबालू दे."

चालण्यात ती तयार झाली. मी सरांना विचारलं, जमिनीवर कधी घ्यायचं? ते म्हणाले, "गुरुवारी कृत्रिम पाय वाटपाचं शिबिर आहे. पाहुण्यांसमोर तिला चालवू. शुक्रवारपासून जमीन. सांग तिला, माझा शब्द आहे." मी सांगितलं. मावशी आधी नाहीच म्हणाली. "माज्या लंगडण्याचा तमाशा?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू सांगतेस म्हणून जाते, पोरी."

गुरुवारी ती मंचावर नवं लुगडं नेसून चालली. हार, फोटो, भाषणं, सगळं झालं.

शुक्रवारी राऊंडला सर तिच्या खाटेपाशी थांबले आणि म्हणाले, "डिस्चार्ज."

"सर, जमीन?" मी विचारलं.

"अगं, चालते ना ती? लाभार्थी चालला की झालं, वरून तसंच सांगितलंय. पुढच्या शिबिराचे पेशंट यायचेत. ओपीडीत येऊ दे."

ओपीडीत टेबल आहे, खुर्ची आहे, रांग आहे. जमिनीवर बसायला शिकवायला हातभर मोकळी जागा नाही. हे सरांना माहीत नव्हतं? मावशी पिशवी भरताना तेवढं म्हणाली, "शब्द तुज्या डाक्टरचा व्हता. मी तुजा मानला व्हता."

पौर्णिमेनंतर मी सातपाटीला गेले. ती घराच्या ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत होती. नवा पाय काढून कोपऱ्यात उभा, कापलेल्या पायाच्या खुंटाला फोड. बाजार भरला त्या सकाळी ती गेली होती. कशीबशी बसली, कापलीही चार पापलेटं. उठता येईना. शेजारणींनी काखेत हात घालून गिऱ्हाइकांदेखत तिला उचललं. त्यानंतर ती गेली नाही. तिच्या जागेवर आता दुसरीची टोपली आहे.

"मग टेबल घ्यावं की," असं सांगणारे शहाणे मला भेटतात. सगळी ओळ खाली बसते. गिऱ्हाईक वाकून टोपलीत हात घालतं. त्या ओळीत एकटीने उंचावर बसून धंदा होत नाही, एकदा जाऊन बघा.

सरांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तू फार मनाला लावून घेतेस." आणि मोबाइल पुढे केला. शिबिराचा फोटो चांगला आला होता.

वेळ अजून गेलेली नाही. खुंट बरा होतो, बसणं-उठणं शिकता येतं, जागाही ओळीतल्या बायकांनी ठरवलं तर पुन्हा निघते. शिकवायला कोणी बसत नाही, एवढंच. पुढचं शिबिर बोईसरला आहे. तुम्हा बोईसरकरांपैकी बरेचजण जाल, पहिल्या रांगेत असाल. पहिला माणूस नव्या पायावर मंचावर आला की उठा आणि मोठ्याने विचारा, उद्यापासून याला कोण शिकवणार, कुठे आणि किती दिवस? आणि त्याच दमात विचारा, सातपाटीच्या बाईला परत कधी बोलावताय? तारीख सांगेपर्यंत कार्यक्रम पुढे जाऊ देऊ नका.